चेहरा काप

चैताली कुबलने पेनड्राइव्ह टेबलावर ठेवला.
अठरा बाय चोवीस, बारा प्रती. गुरुवारपर्यंत?
लग्नांचे अल्बम अडकलेले,
तरी हो म्हणालो.

पहिल्या फोटोत बोटीच्या पंख्याने चिरलेली पाठ,
पाच रेघा, वहीत आखाव्यात इतक्या सरळ.
दुसऱ्यात स्पीडबोट, हात उंचावलेलं एक कुटुंब,
टोप्यांवरून पुण्याचंच वाटलं.

तिसरा उघडून बसलो.
जाळ्यात गुरफटलेला गादा, होडीच्या कडेला टेकलेला.
कितीही मोठं केलं तरी डोळा उघडा की मिटलेला कळेना,
नायलॉनच्या गाठी मात्र मोजता येत होत्या.
पोटाखाली फिकट गुलाबी.
आमच्या मशीनला नवरीचे गाल जमतात, शालूची जर जमते,
हा गुलाबी कधी मेल्यासारखा येतो,
कधी मिठाईसारखा.
सात पट्ट्या वाया गेल्या.

कडेने आलेला एक हात. मनगटाला काळा दोरा, मुठीत कोयती.
"हात राहू दे," ती म्हणाली, "चेहरा काप."

मारतोय का?

"सोडवतोय. मामा आहे माझा.
चाळीस हजारांचं जाळं स्वतःच्या हाताने फाडलं.
पण फोटोत दिसला की म्हणणार, ह्यानेच मारला.
तुम्हीसुद्धा तेच विचारलंत."

मग वाचला?

खाली चौकात पीएमटी अडकून हॉर्न देत होती.
तो थांबेपर्यंत ती गप्प राहिली.
"त्याला श्वासाला वर यावं लागतं.
आम्ही पोचलो तेव्हा उशीर झाला होता."

काहीतरी बोलायचं म्हणून बोललो:
आमची मुठा तरी तुमच्या समुद्राला मिळत नाही,
ती पूर्वेला जाते.

"जाळं सुरमईचं होतं," ती म्हणाली
आणि जिना उतरली.

बुधवारी पहाटे गणेश पेठेत बर्फाच्या पेट्या उतरतात.
आमच्या घरी बुधवार ठरलेला.
मधले तुकडे आण, शेपटीकडचे नकोत,
असं पिशवी देताना बायको सांगते.
या बुधवारी पिशवी गाडीच्या हुकालाच राहिली.
लॅबमध्ये आलो, कटर लावला,
बारा वेळा पट्टी धरली, बारा वेळा ओढली.
तीन बोटं रुंद बारा मामा जमिनीवर पडले.
अकरा केरात गेले.
एक टेबलाच्या काचेखाली सरकवला,
मुहूर्तांच्या यादीशेजारी.

गुरुवारी ती आली. प्रिंट उजेडात धरून विचारलं,
गुलाबी जमला?
म्हटलं, नाही.
जवळपास.