इंधनापुरतं

दाबोळीच्या टेबलावर एकोणीस वर्षं
मी परक्या विमानांना आकाश मोजून दिलं.
अर्ज यायचा : मालवाहू, चार इंजिनं,
उतरण्याचं कारण, इंधन.
शस्त्रं, नाहीत. छायाचित्रण, नाही.
दिल्लीचा क्रमांक आला की लाल शाईनं चढवायचो.
बहात्तर तास वैध,
मग तेच विमान आगंतुक.

'नाहीत' खरं का, हे बघायला
दार उघडून आत जायची
परवानगी मला नव्हती.

एकदा पहाटे तीनला
टँकरवाला कायतान नळी जोडत होता
आणि शिडीवरून एक पोरगा उतरला, विशीतला,
बूट हातात, मोजे ओले.
खुणेनं विचारलं, समुद्र कुठाय?
मी बोगमाळोच्या काळोखाकडे बोट केलं.
तिकडे तोंड करून तो उभा राहिला
बावीस हजार लिटर भरेतो.
कुठून आला ते अर्जात होतं, कुठे चालला तेही.
एवढं सोडून विचारण्यासारखं
मला काही सुचलं नाही.

बाबा कुठ्ठाळीच्या फेरीवर तिकिटं फाडायचे.
म्हणायचे, तटस्थ म्हणजे तटावर उभा राहिलेला,
आणि झुआरी तट खाते, वर्षाला हातभर,
उभा असतो त्याला उशिरा कळतं.

त्या रात्री शेऱ्याच्या रकान्यात
मी लिहिलं : काही नाही.
मग खोडून : मोजे ओले.

साहेबांनी खाली सही केली,
न वाचता.