आपोरोस

थेमेलिना आली तेव्हा शिक्क्याची शाई वाळत आली होती.
हातात कापडी पिशवी, पिशवीत भावाचे कागद,
बोटांना समुद्राचा तो वास
जो पोथियाच्या बंदरात आता कुणाच्याच नाकाला कळत नाही.

साकेलारिस. वय एकसष्ट. धंदा: स्पंज काढणे.
एकोणीस वर्षांपूर्वी एका दुपारी
खोल तळावरून तो घाईनं वर आला,
आणि कमरेखालचा साकेलारिस
अजून वर यायचा आहे.

मी दाखल्यावर लिहिलं: आपोरोस.
म्हणजे ज्याला कुठूनही मिळकत नाही असा.
हा शब्द मी दिवसातून दहादा लिहितो,
स्वल्पविराम द्यावा तसा.

तिनं त्याच्यावर बोट ठेवलं.
"पोरोस म्हणजे बारीक भोक ना?
आणि हा बिनभोकाचा?"

मला जरा शिकवायची खुमखुमी आहे.
म्हणालो, भोक, वाट, नदीचा उतार,
पैसा यायची जागा, जुन्या लोकांना
हे सगळं एकच वाटायचं.
जिथून काही आत येतं, ते.

ती हसली नाही.
पिशवीतून एक स्पंज काढून
सरळ माझ्या रजिस्टरवर ठेवला.

"चाळीस वर्षं हेच कातरतेय.
याची बारकी भोकं पाणी आत घेतात,
मोठी बाहेर टाकतात. तेवढाच याचा संसार.
गिऱ्हाईक काय बघतं? भोकंच बघतं.
नाहीतर याच्यात आहे काय दुसरं?

माझा भाऊ रात्री ओरडतो.
रोदोसचा डॉक्टर काचेवर फोटो लावून म्हणाला,
हाडं आतून पोखरलीत, बाई, चाळण झालीय.
ते मी डोळ्यांनी पाहिलं.
आणि तू लिहितोस, नाहीत."

बाहेर मासळीवाल्याचा भोंगा वाजून गेला.
दाखल्यात दुसऱ्या शब्दाला जागा नव्हती,
आणि खरं सांगायचं तर
मला दुसरा शब्द येतही नव्हता.

तिनं सही केली, प्रत्येक अक्षर वेगळं.
मी शिक्का मारला, तो अर्धाच उमटला, पुन्हा मारला.
फायलीची प्रत यंत्रात सरकवून दांडा दाबला.
दोन पांढऱ्या टिकल्या फरशीवर पडल्या.

ती वाकली, गुडघ्यावर हात देऊन,
नखानं त्या उचलल्या,
तळहातावर धरून बघितल्या.

"दोन तरी पाडलीस," म्हणाली.

स्पंज विसरून गेली.
की ठेवून गेली, ते मी अजून विचारलेलं नाही.
त्याच्या खालच्या ओळीची ओली शाई
त्यानं तेवढ्यात पिऊन टाकली होती.