सतरावी ओळ

दरवर्षी मार्चअखेर मी भीतीची यादी करते.
पगार त्याचाच मिळतो मला,
डिचोलीच्या काजू कारखान्यात, पहिल्या मजल्यावर,
जिथे टरफलांच्या तेलाचा वास जिना चढून येतो
आणि की-बोर्डवर बसतो.

रकाने ठरलेले: धोका, शक्यता, परिणाम, उपाय.
नदीचं पाणी सर्व्हरच्या खोलीत: शक्यता तीन, परिणाम पाच.
मॉनिटरला चिकटवलेले पासवर्ड: शक्यता पाच
(मी मोजल्या, सहा चिठ्ठ्या. एक माझीच).
खरेदीदाराच्या नावाने आलेली खोटी मेल,
जिच्यात फक्त खात्याचा नंबर बदललेला असतो,
बाकी सगळं प्रेमळ, मुलांची चौकशीसुद्धा.

आणि सतराव्या ओळीत एक माणूस.
कुस्तोदिओ दोरादो, चोडणचा, निवृत्तीला सात आठवडे.
गोदामाचा सगळा हिशेब ज्यावर चालतो
तो प्रोग्राम त्याने चौऱ्याण्णव साली एकट्याने लिहिला,
काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं.
दोनशे चाळीस, तीनशे वीस, पाकळी, तुकडा,
प्रत्येक प्रतीला त्यात जागा आहे.
का आहे, ते कुठेही लिहिलेलं नाही.

पुंडलिकबाबांचा मुलगा पुण्याहून पाच वर्षांचं धोरण घेऊन आला.
प्रत्येक पानावर बाण, वर जाणारे.
बाणांना कधी दम लागत नाही.
मी म्हटलं, तीन महिने जुनं आणि नवं दोन्ही चालवू.
तो म्हणाला, दुप्पट खर्च.
पुंडलिकबाब चहात बिस्किट बुडवत राहिले,
ते तुटून आत पडलं,
आणि ठराव मंजूर झाला.

मग मी रविवारी रायबंदरहून फेरी घेतली.
कुस्तोदिओ बांधावर होता, गुडघाभर चिखलात,
कुर्ल्यांनी केलेली बिळं शोधत.
हात कोपरापर्यंत आत घालायचा,
मग चिखलाचा गोळा, मग टाच.
मानशीचं दार ओहोटीला करकरत होतं.
मी वही उघडून विचारलं:
जुलैत तुम्ही वजनातून सव्वा टक्का का वजा करता?
तो पुढच्या बिळाकडे सरकला.
"पोतें ओल धरता, बाये.
तागडी खरें सांगता, पोतें फट मारता."

सात रविवार. एकेचाळीस पानं.
तेविसाव्या पानावर एक पायरी सुटत होती.
इकडून माल येतो, तिकडून आकडा निघतो,
मध्ये काय?
बराच वेळ तो नदीकडे बघत राहिला.
"थंय हांव पळयतां," म्हणाला.
तिथे मी बघतो.
मी तसंच लिहून घेतलं.

मे महिन्यात नवी यंत्रणा सुरू झाली, हार घालून.
जुलैत पडद्यावर तीन टन काजू जास्त दिसला,
जो गोदामात नव्हता, झाडावरही नव्हता.
बंगळूरच्या सल्लागाराने फोनवर विचारलं,
हे तुमच्याकडे कोणाला कळतं?
मी वही काढली.
तेविसाव्या पानाशी थांबले,
खाली उतरले, पोत्यात हात घातला कोपरापर्यंत,
आणि बघितलं.
आकडा जुळला.
कसा जुळला, ते अहवालात मला सांगता आलं नाही.

आज पुन्हा मार्चअखेर.
सतराव्या ओळीतलं त्याचं नाव मी खोडलं,
धोका मात्र खोडता येईना.
तिथे माझं नाव टाकलं. शक्यता: दोन.
मग दम्याचा पंप आठवला, तीन केलं.
परिणाम: पाच.
उपायाच्या रकान्यात कर्सर लुकलुकतोय.

खाली प्रतवारीच्या टेबलाशी नवी मुलगी आहे,
मयेची, वेदांगी च्यारी,
काल तिने मला विचारलं होतं
की एकाच ट्रकची पोती दोन रंगांची का असतात.

मी लिहिते:
रविवार, सकाळी आठ, चोडणचा बांध.
जुने कपडे घालून यावे.