त्रुटी : १.९५ टक्के

काट्यावर कोरलंय २५६.
माझं येतं २५१.
वजन बदललं, तार पुसली,
कागदाचा घोडा पुन्हा पुन्हा तारेवर बसवला,
तो पडतो तिथंच पडतो.
मगदूम म्हणाला, छप्पन्न लिही नि सही घे,
मला साडेपाचची म्हैसाळ एसटी गाठायचीय.

काटा मी दप्तरात घातला.
(ही पायरी जर्नलात नाही.)

नव्या तंबोऱ्याची जवारी लागेना
म्हणून सकाळपासून वैतागलेले दस्तगीरचाचा.
त्यांनी काटा गुडघ्यावर आपटला,
देठ तबलीवर टेकवला,
डोळे मिटले.
आकडा विचारलाच नाही.
"गंजलाय रे. उतरलाय जरा."

रात्री डाव्या पानावर पेन्सिलनं आकृती,
उजवीकडं २५१, तीनदा.
त्रुटीची कारणं म्हणून सगळे लिहितात
पुलीचं घर्षण, पंख्याचा वारा.
मी लिहिलं : काटा.

आवटी सरांनी लाल पेनानं त्याला गोल केला,
शेजारी एकच शब्द :
संदर्भ?

खाली दोन ओळींची जागा होती.
दस्तगीर अब्दुलसाहेब, सतारमेकर गल्ली, मिरज.
शुक्रवारी दुपारी दुकान बंद.