अंगठीत तुकडा

आईची अंगठी बोटात रुतायला लागली तेव्हा
रविवार पेठेतल्या एका माळ्यावर
निमाई नावाच्या कारागिरानं ती माझ्यासमोर कापली.
आवाज एवढासाच, नख तुटावं तसा.
म्हणाला, ताई, नुसती ताणली तर पातळ होईल,
मधे तुकडा घालावा लागेल.

मला हसू आलं.
पाषाणच्या प्रयोगशाळेत गेले तीन महिने
मी दुसरं काय करत होते?

तिथली अंगठी दिसत नाही.
जिवाणूच्या मोठ्या पोथीबाहेर
एक गोल चिठ्ठी असते, सुरुवात नसलेली.
प्लाझ्मिड.
कात्री तिच्यावरची नेमकी सहा अक्षरं शोधते
आणि सरळ नाही, तिरकी कापते,
दोन्ही टोकांना दशा लोंबत ठेवते.
त्याच कात्रीनं कापलेलं ज्वारीचं जनुक,
अकराशे अक्षरांचं,
त्याच्याही दशा तशाच.
जुळतात. म्हणजे जुळू शकतात.

कारण अंगठीचा स्वभाव असा की
कापली तरी ती आपल्याच टोकाला मिठी मारते,
कुणी आत यायच्या आधी बंद.
म्हणून टोकांवरचं फॉस्फेट आधी खरवडायचं.
पोंक्षे मॅडमनी हे पहिल्याच दिवशी सांगितलेलं.
पहिल्या खेपेला मी विसरले.
दुसऱ्या खेपेला आठवण होती, एन्झाइम मेलेलं होतं.

लायगेज रात्रभर टाके घालतं, सोळा अंशांवर, अंधारात.
निमाई फुंकणीनं ज्योत वाकवतो
आणि दोन मिनिटांत डाग देऊन मोकळा.

मग बर्फात अर्धा तास.
बेचाळीस अंशांवर पंचेचाळीस सेकंद.
पुन्हा बर्फ.
एवढ्या धक्क्यानं जिवाणूचं दार किलकिलं होतं,
कसं, ते नीटसं मॅडमही सांगत नाहीत.
अंगठी आत शिरली तर शिरली.

थाळीत अँपिसिलिन असतं.
अंगठीवर त्याचा उतारा लिहिलेला,
ती ज्याच्या पोटात, तोच सकाळ बघतो.
आणि सकाळ बघणाऱ्यांचे रंग दोन:
अंगठी अखंड राहिली असेल तर निळा,
तुकड्यानं तिच्यातलं एक वाक्य मधेच तोडलं असेल
तर पांढरा.
आम्ही पांढरा शोधतो.

अखंड. हा शब्द आईच्या लग्नात
किती जणांनी तिच्या डोक्यावर हात ठेवून उच्चारला असेल.
बाबा गेले तेव्हा मी सहावीत होते.
ती पुढच्या सोमवारी टेलिफोन ऑफिसात रुजू झाली,
अंगठी काढली नाही, कुणी विचारलं तर उत्तरही दिलं नाही.

तिसरी थाळी रविवारी उघडली.
निळे दोनशे चौदा. पांढरे तीन.
दातकोरणीच्या टोकानं तिघांना उचललं,
नळीत वाढवलं, अंगठ्या बाहेर काढल्या,
पुन्हा कापून जेलवर पळवल्या.
दोघं खोटे निघाले.
तिसऱ्याची रेघ अकराशेवर, फिकी, पण तिथंच.
खैरेमामा निळ्या थाळ्या ऑटोक्लेव्हमध्ये रचत होते,
म्हणाले, एवढी पिकं जाळायची, होय?

संध्याकाळी मी अंगठी घरी आणली.
आई चष्मा लावून उजेडात गेली.
“डाग दिसतोय.”
“परत पॉलिश करून देईल तो.”
“नको.” मग, “तुझं ते जुळलं का?”
“एक जुळलं.”
“तीन महिन्यांत एकच?”
“एकच लागतं. तो रात्रीतून आपल्यासारखे कोट्यवधी करतो,
प्रत्येकात तोच तुकडा.”

तिनं अंगठी घातली. सांध्यावर थोडी अडली, उतरली.
जोड तळहाताकडे वळवला,
परत वर आणला,
आणि कुकरची शिट्टी झाली म्हणून उठली.