पुरावा

डिचोलीच्या निबंधक कार्यालयात
माझ्या जन्मदाखल्यावरचे बाबा
एक्सने सुरू होतात.
पासपोर्टात एसने.
वकील कुडचडकर म्हणाले, प्रतिज्ञापत्र करू,
दोन्ही शंकर एकच असल्याचं.
स्टॅम्पपेपर, नोटरी, बाबांची थरथरती सही.
अर्ध्या तासात एक झाले.

आपलं तसं नाही, उल्हास.
आपल्याला फोटो लागतात, तारखांसकट,
निदान वीस,
त्यात तुझी आई दिसली तर बरं.
फोनची बिलं. तू पाठवलेल्या पैशांच्या पावत्या.
चॅटसुद्धा छापून आणलं
बाजारातल्या झेरॉक्सवाल्याकडून.
त्याने आपलं भांडण वाचलं बहुतेक,
ते गेल्या चवथीचं.
पानं उलटी करून हातात दिली,
सुटे पैसे मागितले नाहीत.

पदेराचा भोंगा वाजतो तेव्हा
तुझ्याकडे अजून काल असतो.
मी अजून चारच उंडे घेते.
दोन संध्याकाळपर्यंत दगड.
याची पावती मिळत नाही.

तुझ्या चपलांवर बुरशी धरते,
दर पंधरा दिवसांनी पुसते,
हे कुठल्या रकान्यात लिहू?

रोज रात्री केस नंबर टाकते.
'प्रकरण प्रक्रियेत आहे.'
सासूबाई आतून विचारतात, काय म्हणतात गे?
आहे म्हणतात, मी सांगते.

मुलाखतीत विचारतात म्हणे,
नवरा पलंगाच्या कुठल्या बाजूला झोपतो.

एकोणीस रात्री मिळाल्या, साहेब.
बाजू ठरायची होती अजून.