दोन आरसे

हिल्काची गाडी ट्रेलरवरून उतरली तेव्हा
डावा आरसा काळा होता, उजवा नारिंगी.
बाकी अंग नारिंगीच,
जर्दाळू फार पिकला की सालीवर जी तपकिरी छटा चढते, तसं.
बंपर, खिडक्यांच्या पट्ट्या, दारांच्या मुठी
एके काळी काळ्या, आता विझल्या कोळशासारख्या.

ऊसिकाउपुंकीत जूनमध्ये रात्र अशी होतच नाही.
अकरा वाजता ऊन फरशीवर पसरलेलं असतं
आणि गिऱ्हाईक घरी जायचं नाव घेत नाही.
"सगळं एकाच रंगात," हिल्का म्हणाली,
"अख्ख्या फळासारखं. कुठे जोड दिसता कामा नये."

तिचा भाऊ उर्पो, औलूहून, स्पीकरवर:
"काळंच. कारखान्यातून काळंच आलं होतं.
त्याशिवाय गाडीला नाकडोळे नाहीत.
नुसती साबणाची वडी."

तीस वर्षं रंग मारतोय मी.
मला दोघांचंही पटतं, हीच माझी अडचण.
काळी कड ठणकावून सांगते,
दार इथे संपलं, काच इथून सुरू.
रंगात रंग मिळाला की गाडी जरा लठ्ठ दिसते,
जरा सुखी.

त्यांचा बाप ताइस्तो काही सांगून गेला नाही.
गाडीबद्दल नाही, कशाबद्दलच नाही.
एक फोटो आहे: तळ्याकाठी चौघं, गाडीला टेकून.
तिने तो माझ्या हातात दिला, त्याने फोनवर पाठवला,
दोघांनीही पुरावा म्हणून.
फोटो कृष्णधवल.
त्यात नारिंगीही काळाच.

मग मी डावा आरसा उतरवला, पाणपेपर घेतला,
आधी चारशेचा, मग आठशेचा,
बोटाच्या पेराएवढी जागा घासली.
वर काळा: हाताने मारलेला, ब्रशचा एक केस अडकलेला.
त्याखाली नारिंगी.
त्याखाली पुन्हा काळा, हा कारखान्याचा, पातळ, एकसारखा.

उजवा आरसा मुळात नव्हताच. मागाहून बसवलेला,
भोकं घरच्या ड्रिलने पाडलेली, एक किंचित तिरकं.
त्यावर नारिंगी. खाली राखाडी प्रायमर.
बस्स.

"उजवीकडे कोण बसायचं?" मी विचारलं.
हिल्का कॉफी ढवळत राहिली, साखर न घालताच.
"आई. तिला मागे पडणारा रस्ता बघायला आवडायचा.
बाबा म्हणायचे, आरसा चालवणाऱ्यासाठी असतो.
मग एका वाढदिवसाला त्यांनीच तो बसवला."
"आणि डावा पुन्हा काळा कधी केला?"
तिने कप धुतला. पुसला. उलटा ठेवला.
मी पुढे विचारलं नाही.
रंगारी आहे मी, पाद्री नव्हे.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा फोन:
"काळं करा. उर्पो म्हणतो तसं."
दुपारी उर्पोचा:
"नारिंगीच करा हो. तिची तेवढी इच्छा आहे."
संध्याकाळी, म्हणजे घड्याळातल्या संध्याकाळी,
दोघंही एकदम, ताटातला शेवटचा तुकडा
एकमेकांकडे सरकवावा तसे.
मग आवाज चढले.
भांडण तेच, फक्त बाजू बदललेल्या.

काचांवर टेप लावून तयार आहे.
डबे दोन उघडे. काळ्यावर साय धरू लागलीय,
ती मी काठीने बाजूला करतो, ढवळतो.
नारिंगीही ढवळतो,
उगाच कुणाला वाईट वाटायला नको.
आरसे खिळ्यांना टांगलेत, शेजारी शेजारी.
एकात खिडकी दिसते आणि तिच्यातलं न मावळणारं ऊन.
दुसऱ्यात मी,
हातात काठी घेऊन.